दोन बापू

त्या घरात बापू दोन होते. एक कुत्रा आणि दुसरा जावई. कुत्रा आधीचा, तेव्हा नावावर हक्क त्याचा. जावई नंतर आला आणि रीतीप्रमाणे त्याला जावईबापू म्हणू लागले, तिथून घोळ सुरू झाला. जावई जोवर पाहुणा म्हणून यायचा आणि दुसऱ्या दिवशी निघायचा, तोवर या घोळावर सगळे हसत. सासरा ओसरीवरून हाक मारी, "बापू, ये रे," आणि आत बसलेला जावई अर्धवट उठे. सासू तोंड फिरवून हसे. सासरा म्हणे, "तुम्ही बसा हो, तुम्हाला नाही."

मग शहरातला शिलाई कारखाना बंद पडला. बायको, एक पत्र्याची ट्रंक आणि दोरीनं आवळलेली गादी घेऊन जावई आला, तो राहायलाच. त्यानंतर त्या विनोदाला कोणी हसेना. विनोद मात्र चालूच राहिला.

सासरा मेंढरं राखणारा. उन्हात वाळलेला, कमरेत किंचित वाकलेला, आणि जिभेला धार अशी की मेंढरं कातरायला वेगळी कात्री कशाला, असं गावात लोक म्हणत. दुसरा कोणी असता तर घरी येऊन पडलेल्या जावयाला महिन्याभरात अरे-तुरे करू लागला असता. म्हाताऱ्यानं ते केलं नाही. उलट त्यानं मान वाढवला. "जावईबापू, आपण उठलात? आता कसं बरं वाटलं. मेंढरांना पाणी आम्ही दाखवलंय, आपण फक्त तोंड धुवा." हे सगळं इतक्या गोड आवाजात की ऐकणाऱ्याला वाटावं, काय नशीबवान माणूस आहे. आणि लगेच मागं वळून कुत्र्याला, "काय रे माझ्या राजा? दे, पाय दे. कुठं लागलं तुला?" घरातलं सगळं 'तू' कुत्र्याच्या वाट्याला गेलं होतं आणि सगळं 'आपण' जावयाच्या. जास्त माया कशात होती, हे विचारायची कोणाला गरज नव्हती.

जावई या सगळ्याला उत्तर देत नसे. त्याचं उत्तर त्याच्या मानेवर दिसायचं. तिथली शीर उडायची.

दर साली पावसाळा ओसरला की म्हातारा मेंढरं घेऊन लांबच्या डोंगरमाळावर चराईला जाई. बरोबर एक गडी आणि बापू. थंडी सरेपर्यंत तिकडेच मुक्काम. गडी ठरलेला होता. निघायच्या आधी तो येऊन मागच्या खोलीत राही, कातरणीला हात लावी, आणि मग दोघं निघत. या वर्षी त्या मागच्या खोलीत जावयाची गादी पसरली होती. गड्याचा निरोप आला, "येऊ का?" म्हाताऱ्यानं ना हो म्हटलं ना नाही. जेवताना सगळ्यांच्या कानावर पडेल एवढ्याच आवाजात तो भिंतीला म्हणाला, "ज्याच्यानं कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड निघत नाहीत, त्याच्या हाती मेंढरं काय द्यायची."

एवढंच. पण जावयाला हिशेब कळला. बापूचं अंग स्वच्छ झालं तर डोंगरावर जायची जागा त्याची, म्हणजे थंडी सरेपर्यंत त्याला काम आणि बायकोच्या डोक्यावर छप्पर. नाही झालं तर गडी येणार, खोली गड्याची, आणि ट्रंक पुन्हा उचलायची. कुठं न्यायची, हे कोणी सांगणार नव्हतं.

पावसाळा ओला आणि उबट होता. गोचिडांना तो मानवला. कानाच्या पाळीखाली, पायाच्या बोटांमध्ये, पट्ट्याच्या आत, काखेत, जिथं हात लावावा तिथं ते होते. कोवळे होते ते तिळाएवढे, काळे. जुने फुगून राखाडी झालेले, एरंडीच्या बीसारखे टणटणीत. बापू दिवसभर मान खाजवून दमायचा आणि दमला की मेंढरांकडे पाठ करून पडायचा. पूर्वी परकं पाऊल वाजलं की अख्खा मेंढवाडा डोक्यावर घेणारा कुत्रा, आता नुसता एक डोळा उघडून बघायचा.

जावयाकडं कारखान्यातला एक बारीक चिमटा होता, शिलाईत अडकलेले धागे उपसायचा. तो घेऊन तो सकाळी पालथ्या घमेल्यावर बसे, बापूचं डोकं मांडीवर घेई, केस फुंकरीनं बाजूला करी आणि गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढी. पिळायचा नाही, तोडायचा नाही. तोंड आत राहिलं की गळू होतं. काढलेला साबणाच्या पाण्यात. काम तो छान करी. आणि म्हातारा नेमका त्याच वेळी ओसरीवर चहा घेत बसे.

"बघा जावईबापू, कसा चिकटलाय. आयतं मिळालं की सोडतो होय कोणी."

चिमटा चालू.

"पोट बघा त्याचं. आला तेव्हा केवढासा होता."

चिमटा चालू.

"बुडवा नीट. नाहीतर पुन्हा घरातच येईल. पाहुणा थोडाच आहे, जायला?"

आतून सासूच्या भांड्याचा आवाज मोठा झाला. तिचंही जावयाशी बरं नव्हतंच. पोरगी शहरातून वाळून आली, याचा राग तिनं त्याच्या ताटात वाढायला ठेवला होता. जावयानं शेवटचा गोचीड डब्यात टाकला, डब्याला झाकण लावलं आणि तो कुत्र्याला म्हणाला, "झालं, ऊठ." दुसऱ्या दिवशी सकाळी केस बाजूला केले तर तितकेच पुन्हा. जणू कोणी पेरून गेलंय.

आठवडा उलटला तरी तेच. म्हाताऱ्याच्या चहाला दिवसेंदिवस चव येत चालली. तेव्हा जावयाला कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याचं बोलणं आठवलं. त्याच्याकडे कुत्रा होता आणि तो तेलात कापूर विरघळवून कुत्र्याला चोळायचा. वासानं गोचीड चढतच नाही म्हणायचा. जावयानं वाटीभर तेल कोमट केलं, कापूर टाकला आणि बापूला मानेपासून शेपटीपर्यंत चोळलं. कुत्रा चकचकीत दिसू लागला.

"लग्नाला न्यायचंय का त्याला?" सासूनं विचारलं. हे ती मुलीकडं बघून बोलली. जावयाशी थेट बोलायचं तिनं केव्हाच टाकलं होतं. तिचा विश्वास कडुनिंबावर. तेल लावून काय होतंय, असं पुटपुटत तिनं दुपारी पाला उकळला आणि बापूला मागच्या दारी नेऊन त्या पाण्यानं धुतला. तेल काही निघालं नाही, पाणी तेवढं वरून ओघळलं. शेपटीला चिकटलेला पाला जावयाला संध्याकाळी दिसला. त्यानं तो उपटून काढला, वाटी घेतली आणि पुन्हा तेल चोळलं, आधीपेक्षा जास्त. हे असं चाललं. सकाळी तेल, दुपारी पाला, संध्याकाळी तेल. कोणी कोणाला विचारलं नाही. विचारायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

सकाळी सकाळी बापूचं अंग ओलं लागे आणि त्याला म्हाताऱ्याच्या खिशासारखा वास येई. जावयाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुत्रा म्हाताऱ्याच्या बाजेखाली झोपायचा, वास लागणारच. ओल पावसाची असेल.

गोचीड कमी झाले, हे मात्र खरं. जावयाच्या मानेवरची शीर जरा बसली. म्हातारा एक दिवस चहा पिताना काहीच बोलला नाही, आणि बायको विहिरीवरून येताना गुणगुणत आली.

आणि त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आधी, बापू पाण्याच्या डोणीपाशी उभ्या उभ्या थरथरायला लागला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्याचे मागचे पाय आपले नसल्यासारखे फाकले. तो ओकला, त्यातच बसला आणि आडवा झाला. डोळे उघडे, पण बघत नव्हते.

म्हातारा मेंढवाड्यातून अनवाणी धावत आला. त्यानं कुत्र्याचं डोकं उचललं, तळहाताला तेल लागलं, तो तळहात त्यानं जावयासमोर धरला. "काय चोळलंत याला? अं? माझा कुत्रा मारायला आलात होय आपण या घरात?"

"मामा, आधी दवाखान्यात नेऊ."

"आपण हात लावू नका."

पण चारा आणायच्या हातगाडीवर बापूला एकट्यानं उचलून ठेवणं म्हाताऱ्याच्यानं झालं नाही. मागचे पाय जावयानंच धरले. सासू पायात चपला घालून निघाली. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं, राहा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. मुलीनं मेंढरांपाशी थांबावं असं ठरलं. गाडी हलली तशी ती दोन पावलं मागं आली. "त्याच्या गळ्यातलं..." ती म्हणाली आणि थांबली.

"गळ्यातलं काय?" जावयानं विचारलं.

"काही नाही. जा तुम्ही."

जनावरांचा दवाखाना बाजाराच्या टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. डॉक्टरीण बाई बाह्या वर करून एका शेळीचं खूर कापत बसली होती. कुत्रा टेबलावर ठेवताच तिनं नाकाला मनगट लावलं. "हा कुत्रा आहे की पानटपरी?" मग तिनं पापणी वर केली, हिरड्या दाबून पाहिल्या आणि मान न वळवता विचारलं, काय काय लावलंय.

जावई म्हणाला, "तेल. कापूर घालून."

"बघा," म्हातारा म्हणाला. "ऐका, बाई, ऐका."

"तेवढंच?"

सासू पत्र्याकडं बघत होती. ती तिकडंच बघत म्हणाली, कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलाय, पण त्यानं कधी कोणाचं वाईट होत नाही. आणि लसूण. जेवणात ठेचून. लसणानं रक्ताला वास येतो, मग गोचीड बसत नाही.

"किती लसूण?"

सासूनं मूठ दाखवली. मग तीच मूठ थोडी लहान करून दाखवली.

"आणि तंबाखूचं पाणी कोणी?" डॉक्टरीण बाईनं आता तिघांकडे पाहिलं. "तुमच्यात तंबाखू कोण खातं?"

या प्रश्नाला उत्तर लागलं नाही. म्हाताऱ्याच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. तो भिंतीवरचं गाईचं चित्र बघत उभा राहिला, कासेपासून शिंगांपर्यंत, अगदी सावकाश. "जराशी," तो शेवटी म्हणाला. "पहाटे. कोणी उठायच्या आत. जीव बघवत नव्हता त्याचा."

पहाटे त्यानं गुपचूप कुत्रा धुवायचा आणि ओसरीवर बसून चहाबरोबर जावयाचं अपयश चाखायचं, दोन्ही त्याचंच. कुत्रा बरा व्हायला हवा होता आणि जावई हरायला हवा होता. हे दोन्ही एकदम कसं जमणार, ते त्यानं बघितलं नव्हतं.

"तेलावर तंबाखू," डॉक्टरीण बाई म्हणाली. "म्हणजे सगळं कातडीतून आत, आणि वरून हा चाटतोय. तुम्ही तिघं एकाच घरात राहता ना? बोलत नाही का एकमेकांशी?"

तिघंही तीन दिशांना बघत राहिले. तिनं कात्री घेतली, पट्टा कापला, आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूनं एक लहानशी थैली टेबलावर पडली. चिंधीची, तोंड शिवलेलं. तिनं ती दाबली तर आत गोल गोल लागलं. कपड्यांत ठेवतात त्या डांबराच्या गोळ्या.

"आणि हे?"

सासूनं चिंधी ओळखली. मागच्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्याची होती ती, निळ्या रेघांची. तिचे ओठ हलले.

"मी बांधली," जावई म्हणाला.

"विषारी असतात या."

"माहीत नव्हतं. मी बांधली."

म्हाताऱ्यानं थैली उचलली. डोळ्यांजवळ नेली, उलटी केली. टाके मोठे होते, वेडेवाकडे, एक इकडं तर एक तिकडं, आणि शेवटी दोऱ्याची ही एवढी गाठ. अशी गाठ या घरात एकाच हाताची होती. लहानपणापासून मुलीला सुई धरता येत नव्हती, आणि म्हाताऱ्याच्या सदऱ्याचं एक बटण अजून तसल्याच गाठीवर लोंबत होतं. शिलाईच्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाला ठरवूनसुद्धा असं शिवता आलं नसतं.

"आपण शिवलीत?" त्यानं विचारलं.

"हो."

"छान शिवता." आणि त्यानं थैली खिशात टाकली, तंबाखूच्या जागी.

साबणानं बापूला पुन्हा पुन्हा धुतलं, सुया टोचल्या, शिरेतून पाणी चढवलं. दिवस मावळायला आला तेव्हा त्यानं शेपटीचं टोक हलवलं. डॉक्टरीण बाईनं सांगितलं, जगेल, पण कोरड्या जागी, घरात. यंदा डोंगराचं नाव काढायचं नाही. बरा झाला की मानेवर टाकायला औषध देते, ते टाका, आणि स्वयंपाकघरातलं काहीएक त्याच्या अंगावर ओतू नका. आणि कुत्र्यावर दिसतात ते गोचीड थोडेच असतात, बाकीचे भिंतीच्या भेगांत दबा धरून बसतात. भेगा बुजवा, नाहीतर जन्मभर वेचत बसा.

येताना म्हाताऱ्यानं गाडीची मूठ कोणाला धरू दिली नाही. "राहू द्या. आपले हात नाजूक." चढावर गाडी मागं सरकू लागली तेव्हा जावयानं न विचारता मागून खांदा लावला. म्हातारा पुढं ओढतही होता आणि पुटपुटतही होता. त्यातला एक शब्द सासूच्या कानावर आला. तिनं तो जन्मात कोणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी भेग सापडली. मेंढवाडा आणि मागची खोली यांची भिंत एकच होती, दगडमातीची, आणि जावयाच्या गादीच्या उशाशी ती वरपासून खालपर्यंत उकललेली होती. काडी घालून उकरलं तर माती पडावी तसे गोचीड पडले, पिटुकले, चपटे, भुकेले. मुलीनं अंग चोरलं. म्हातारा दारात उभा राहून बघत होता.

"मी म्हणत होतोच," तो म्हणाला. "या खोलीतच आहेत म्हणून."

मग काम सुरू झालं. मुलगी पायांनी चिखल तुडवायची, त्यात शेण आणि भुसा. सासू घमेली उचलायची. म्हातारा मेंढवाड्याच्या बाजूनं, जावई खोलीच्या बाजूनं, आणि मध्ये ती भेग. म्हातारा चिखल ठोसून भरी आणि तो इकडून बदकन जावयाच्या पायावर पडे. जावई भरी तर पलीकडं म्हाताऱ्याच्या पायावर. सबंध सकाळ दोघांनी एकमेकांच्या पायावर चिखल टाकला. भेगेतून दोघांना एकमेकांचा एक एक डोळा दिसत होता, आणि दोघं त्या डोळ्याकडं बघायचं टाळत होते. शेवटी पलीकडून आवाज आला.

"धरा तिकडून."

"धरलंय."

"फळी लावा."

"लावलीय. ठोसा."

एवढंच बोलणं, पण भिंत भरत चालली. वरून चुन्याचा हात द्यायचा होता. चुन्यानं जावयाची बोटं सोलवटली, चिमट्यानं पडलेल्या जुन्या घट्ट्यांवर चटके बसले. दुपारी बायको त्याच्या बोटांना पाणी घालत होती. ती हळूच म्हणाली, "का सांगितलंत तिथं तसं?"

"मला तर काढणारच आहेत. एकाच्या नावावर जाऊ दे सगळं."

"आणि मी काय इथं राहणार होते होय?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. हा हिशेब त्यानं केला नव्हता. ती त्याची बोटं पुसून उठली आणि पुन्हा चिखलात उतरली.

भिंत वाळली तशी ती खोली घरातली सगळ्यांत कोरडी, उबदार आणि स्वच्छ खोली झाली. मग डॉक्टरीण बाईच्या हुकुमाप्रमाणे तिथं बापूला ठेवायचं ठरलं. गादीसकट. जमिनीला ओल असते, म्हातारा म्हणाला. मुलगी आईजवळ झोपू लागली. आणि मेंढवाड्याला राखण नव्हती, कोल्हे बांधापर्यंत यायला लागले होते, म्हणून जावई काठी घेऊन फाटकाशी पोत्यावर पडू लागला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या खोकल्यानं कोल्हे बिचकत. सकाळी सासू त्याचा चहा फाटकापाशी आणून ठेवी, न बोलता, दगडावर. मग ती आत जाई आणि बापूला दूध पाजी, बोलत बोलत.

गडी आला तो निरोप न देताच. दिवेलागणीच्या आधी, गाठोडं खांद्यावर टाकून. वाट बघून कंटाळलो, म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. दोघं पावसाचं, गवताचं बोलत होते. फाटकाशी जावई कोकरं आत हाकत होता आणि त्याचं सगळं अंग ओसरीकडं कान लावून होतं. बायको चुलीपाशी काही न करता उभी होती.

मेंढरं कोंडायच्या वेळी म्हातारा रोज एक हाक मारी. इतक्या वर्षांची सवय, तोंडाला विचार करावा लागत नसे. बोलता बोलता त्यानं मान वर केली आणि हाक मारली, "बापू!"

आत गादीवर शेपूट दोनदा आपटल्याचा आवाज आला. उठायचं त्राण नव्हतं.

"ओ," फाटकातून जावई म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. रात्ररात्र राखणीत राहून असं होतं. गडी खो खो हसला. त्याला वाटलं, जुना विनोद अजून चालू आहे.

म्हातारा हसला नाही. तो जावयाकडं बघत राहिला. चिखलानं भरलेले पाय, बगलेत काठी, चुन्यानं पांढरी पडलेली बोटं.

"तुला नाही हाक मारली," तो म्हणाला.

घरात सगळ्यांनी ऐकलं. सासूच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. म्हाताऱ्यानंही ऐकलं, जीभ चावल्यासारखं त्याचं तोंड झालं. पण निघालेला शब्द परत घ्यायची त्याची सवय नव्हती. "आलायस तर ते फाटक नीट लाव," तो म्हणाला. "खालची कडी राहते रोज." मग गड्याकडं वळून म्हणाला, "तू जा घरी उद्या सकाळी. या वर्षी दोघं नकोत मला. कुत्रा येत नाहीये. गडी कुठेही मिळतो, मला भुंकणारा पाहिजे."

गडी पुन्हा हसला, आणि आपण एकटेच हसतोय हे कळून थांबला.

जावयानं खालची कडी लावली. ती खरंच राहिली होती. तो तसाच मागच्या दारानं खोलीत आला. बापू त्याच्या गादीवर पसरला होता. त्यानं मान उचलली आणि पुन्हा टाकली. जावयानं कानामागचे केस फुंकरीनं बाजूला केले. एकही नव्हता. हात सवयीनं तरीही चिमट्याकडं गेला. भिंतीपलीकडं मेंढरांपाशी म्हातारा काहीतरी बोलत होता, पण भिंत चांगली भरली होती, शब्द येत नव्हते.

बायको दारात येऊन उभी राहिली. "काय ठरलं?"

"नेतायत."

"खरंच?" मग आत पाऊल टाकत, "कोण म्हणून?"

जावयानं चिमटा खिशात ठेवला आणि फाटकाकडं जायला उठला.

"बापू म्हणून," तो म्हणाला.